शर्यत रोज नसते

पत्राचा सारांश : हे पत्र चौतिशीतल्या एका वाचक मैत्रिणीचं आहे. कॉलेजात असताना त्या ८०० मीटर धावायच्या, विद्यापीठाच्या संघात होत्या. नोकरी लागल्यावर धावणं मागे पडलं आणि आता काही काळापासून त्या कथा लिहितात. धावण्यानं जे शिकवलं तेच लेखनात वापरायचं, असं ठरवून त्यांनी स्वतःला नियम घालून घेतले. पहाटे उठून रोज हजार शब्द. एकही खाडा नाही. खाडा झालाच तर दुसऱ्या दिवशी दोन हजार. भिंतीवर तक्ता, तक्त्यावर रोजचा आकडा. सुरुवातीचे दोन-तीन महिने छान गेले. नंतर शब्द भरत राहिले, पण कथा पुढे सरकेना. आता गजर वाजला की पोटात गोळा येतो. दोन स्पर्धांना पाठवलेल्या कथा निवडल्या गेल्या नाहीत, तेव्हापासून "मी हरले" ही भावना जात नाही. गाणारी एक मैत्रीण त्यांना सांगते, "कला घड्याळ लावून होत नाही गं, आतून येईल तेव्हा लिही." त्या विचारतात : खेळाडूची शिस्त कलेला लागूच पडत नाही का? की मीच आळशी झालेय? आणि पुढच्या महिन्यात एका कथास्पर्धेची मुदत आहे, तिथे कथा पाठवू का?

प्रिय मैत्रिणी,

आळसाचा प्रश्न आधी निकालात काढू. नोकरी सांभाळून महिनोन्‌महिने पहाटे उठणाऱ्या आणि एक दिवस चुकला म्हणून स्वतःला दंड ठोठावणाऱ्या माणसाला आळशी म्हणता येत नाही. कष्टात तुम्ही कुठेही कमी पडलेल्या नाही.

मला शंका आहे ती तुमच्या दुसऱ्या गृहीतकाबद्दल. धावण्यानं शिकवलं तेच इथे वापरतेय, असं तुम्ही लिहिलंय. खरंच तेच वापरताय? तुमचे प्रशिक्षक तुम्हाला रोज सकाळी पूर्ण ताकदीनं ८०० मीटर धावायला लावायचे का? रोज स्टॉपवॉच, रोज कालच्यापेक्षा चांगली वेळ, आणि एक दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी तीच शर्यत दोनदा? कुणी असं करून घेतलं असतं, तर मोसम सुरू होण्याआधीच तुमच्या पोटऱ्या गेल्या असत्या.

तेव्हाचा तुमचा आठवडा आठवून बघा. जोराचे दिवस दोन, फार तर तीन. त्यात इंटरव्हल (थोडं जोरात धावणं, थोडी उसंत, पुन्हा जोरात), टेकडीवरचं धावणं, वेगाचे छोटे तुकडे. बाकीचे दिवस हळू धावायचं, गुडघे उचलायचे ड्रिल, ताणाचे व्यायाम, थोडं वजन. एक दिवस काहीच नाही. पूर्ण ८०० मीटर जीव तोडून धावायची वेळ यायची ती शर्यतीच्या दिवशी, आणि तशा शर्यती वर्षात मोजक्याच असायच्या. बाकी सगळा सराव, ज्याची नोंद कोणत्याही निकालपत्रकात झाली नाही.

लेखनात तुम्ही आणलंत ते प्रेक्षकांच्या गॅलरीतून खेळाडू जसा दिसतो ते. घाम, जिद्द, घड्याळ, पदक. गॅलरीतल्या लोकांचा इलाज नसतो, त्यांना शर्यतच तेवढी दिसते. तुम्ही मात्र आतून आलेल्या आहात, म्हणून तुम्हाला हे सांगणं मला सोपं जातंय. शिस्त कमी करा असं मी म्हणणार नाही. जी शिस्त तुम्ही खरोखर जगलात, ती आठवा, एवढंच म्हणेन.

एलियूड किपचोगेचं नाव तुम्ही नक्कीच ऐकलं असेल. २०२२ साली बर्लिनमध्ये त्यानं मॅरेथॉन २ तास १ मिनिट ९ सेकंदांत पूर्ण केली, तेव्हा तो विश्वविक्रम होता. हा माणूस सरावात स्वतःला शंभर टक्के कधी पिळून काढत नाही. आठवड्यातले मोजके दिवस जोराचे, आणि तेसुद्धा थोडं हातचं राखून. उरलेल्या दिवशी तो अगदी संथ धावतो. हा त्याचा एकट्याचा स्वभाव म्हणावा, तर तसंही नाही. स्टीफन सायलर या व्यायामाच्या शरीरक्रियाशास्त्रज्ञानं दमसासाच्या खेळांतल्या अव्वल खेळाडूंच्या सरावाचा बारकाईनं अभ्यास केला, तेव्हा धावपटू, सायकलपटू, रोइंग करणारे, स्कीइंग करणारे अशा सगळ्यांत साधारण सारखीच विभागणी दिसली. सुमारे ८० टक्के सराव हलका, सुमारे २० टक्के कठीण. हौशी लोक नेमकं उलटं करतात. हलक्या दिवशी उगाच जोर लावतात, मग कठीण दिवशी अंगात जोर उरत नाही आणि सगळे दिवस मध्यम थकव्याचे होऊन बसतात. तुमच्या हजार शब्दांच्या नियमाबद्दल वाचताना मला हेच आठवलं. रोज मध्यम थकवा.

आता यातला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा भाग.

लिहिणाऱ्या माणसाकडे बहुतेक वेळा सराव नावाची गोष्टच नसते. तुमच्या गाणाऱ्या मैत्रिणीकडे बघा. मैफलीत तास-दोन तास गाण्यासाठी ती घरी किती तास खर्ज लावत असेल, पलटे घोटत असेल, एकच तान किती वेळा घेत असेल. ते कुणाला ऐकवायचं नसतं. चित्रकारांकडे रेखाटनाची वही असते. समोरच्या माणसाची ढब अर्ध्या-एक मिनिटात पकडायची, पान उलटायचं, पुन्हा पकडायची, असा सराव चित्रकलेच्या वर्गांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आलाय, आणि त्यातले बहुतेक कागद रद्दीत जातात. नाचणाऱ्यांचं तसंच. लिहिणारे मात्र पहिल्या दिवसापासून जे लिहितात ते वाचकासमोर ठेवण्यासाठीच. प्रत्येक परिच्छेद कथेत जायचा, प्रत्येक वाक्य चांगलंच व्हायला हवं. म्हणजे रोज सामना आणि सराव कधीच नाही. मग हात आखडतो, सुरक्षित वाक्यं यायला लागतात, आणि गजराची भीती वाटू लागते. शर्यतीच्या सकाळी पोटात गोळा येणं स्वाभाविक आहे, पण तुम्ही ती सकाळ रोज उगवायला लावलीत.

तेव्हा खेळाडूकडून पहिली गोष्ट घ्यायची ती ही : ज्याचा कुठेही हिशोब होणार नाही असं लेखन. वेगळी वही, पंधरा-वीस मिनिटं, आणि त्यातलं एकही वाक्य चालू कथेत न्यायचं नाही हा नियम. काय लिहायचं? जे जमत नाही तेच. संवाद लाकडी होत असतील, तर दोन माणसांचं भांडण फक्त बोलण्यातून लिहा, आणि भांडणाचं खरं कारण दोघांपैकी कुणीही उच्चारायचं नाही. वर्णन पसरत असेल, तर एका खोलीचं चित्र एकही विशेषण न वापरता उभं करा. कथा संपवता येत नसेल, तर जुन्या कथेचा शेवट पाच वेगवेगळ्या प्रकारे करून बघा, त्यातले दोन मुद्दाम वाईट करा. एकच प्रसंग त्यातल्या सगळ्यात गप्प माणसाच्या बाजूनं लिहा. दिवसभरात कानावर पडलेलं बोलणं आठवेल तसं उतरवा, कुठे वाक्य अर्धवट तुटलं, कोण कुणाच्या मध्ये बोललं, त्यासकट. तुमच्या कथा मी वाचलेल्या नाहीत, त्यामुळे तुमचा कच्चा दुवा कोणता ते मला इथून दिसत नाही. तुम्हाला बहुधा ठाऊक असेल. आपण जे प्रसंग लिहायचं टाळतो, तिथेच तो असतो.

इथे एक धोका सांगायला हवा, कारण खेळ आणि कला नेमक्या याच ठिकाणी वेगळ्या वाटांनी जातात. खेळाडू सराव करतो तो हालचाल अंगवळणी पडावी म्हणून. धावताना पाऊल कसं टाकायचं याचा विचार तुम्हाला करावा लागू नये, हेच त्या सगळ्या ड्रिलचं फळ. लेखनात अंगवळणी पडलेलं वाक्य मात्र पहिलं संशयाचं. जे सहज सुचतं, ते पुष्कळदा कुठेतरी वाचलेलं असतं, किंवा आपणच मागच्या कथेत वापरलेलं असतं. म्हणून लेखनातला सराव सवय मोडण्यासाठी हवा.

याचं मला सगळ्यात आवडणारं उदाहरण मात्र खेळातलंच आहे. जानेवारी २००४ मधली सिडनी कसोटी. त्या मालिकेत सचिन तेंडुलकर ऑफ स्टंपबाहेरच्या चेंडूंवर बाद होत होता. कव्हर ड्राइव्ह हा त्याच्या फलंदाजीतला सगळ्यात देखणा फटका. त्या डावात त्यानं तोच फटका बाजूला ठेवला आणि ४३६ चेंडूंत नाबाद २४१ धावा केल्या. तासन्‌तास गोलंदाज त्याला मोहात पाडत राहिले आणि तो बधला नाही. हे धैर्य लेखनात फार कामाचं आहे. तुमचा कव्हर ड्राइव्ह कोणता? भावुक शेवट? पावसाचं वर्णन? नायिकेच्या मनातले लांबलचक विचार? ज्यासाठी तुमचं कौतुक होतं असं काहीही. पुढची एक कथा त्याच्याशिवाय लिहून बघा. कायमचं सोडायचं नाही, एका डावापुरतं.

दुसरा फरक तुम्हाला माझ्यापेक्षा चांगला कळेल. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये डेव्हिड रुडिशानं ८०० मीटर १ मिनिट ४०.९१ सेकंदांत धावून विश्वविक्रम केला. पहिली फेरी ४९.२८ सेकंदांत, दुसरी ५१.६३. पहिल्या फेरीत एवढं उधळायची हिंमत त्याला झाली, कारण शर्यत कुठे संपते हे त्याला पक्कं माहीत होतं. कथा लिहिताना नेमकं हेच माहीत नसतं. एखादी कथा तीन पानांत संपायची असते, दुसरी चाळीस पानं मागते, तिसरी निम्म्यावर आल्यावर कळतं की खरी सुरुवात आत्ता झालीय. तिथे रोजचे हजार शब्द ठरवले, की मन हजाराची भरती करायला शिकतं. शब्द भरतात पण कथा सरकत नाही, असं तुम्ही लिहिलंय त्याचं कारण मला यात दिसतं. कथेला त्या दिवशी कदाचित सहाच वाक्यं हवी असतील आणि मागची दोन पानं खोडायची असतील. तुमच्या तक्त्यावर ते उणे आठशे दिसलं असतं.

म्हणून मोजायचं असेल तर बसलेला वेळ मोजा. पाऊण तास म्हणजे पाऊण तास. त्यात लिहिलं, खोडलं, खिडकीबाहेर बघितलं, तरी तो दिवस भरला. खेळाच्या मानसशास्त्रात उद्दिष्टांची एक जुनी विभागणी आहे : निकालाचं उद्दिष्ट, म्हणजे पदक. कामगिरीचं, म्हणजे अमुक वेळ. आणि प्रक्रियेचं, म्हणजे शेवटच्या दीडशे मीटरमध्ये खांदे सैल ठेवणं. यातलं शेवटचं तेवढं संपूर्णपणे आपल्या हातात असतं, म्हणून शर्यतीच्या तोंडावर प्रशिक्षक त्याच्याचबद्दल बोलतात. तुमचा तक्ता कामगिरीचा आहे आणि तुमचं दुःख निकालाचं आहे. प्रक्रिया दोन्हीकडे नाही.

आता तुमच्या मैत्रिणीचं म्हणणं. त्यात तथ्य आहे, पण ती स्वतःसाठी वेगळं वागते, हे तुमच्या लक्षात आलंय का? आतून येईल तेव्हाच लिही म्हणणारी ही मैत्रीण रियाज मात्र आतून यायची वाट बघत करत नसणार. तिच्या दृष्टीनं रियाज हे कलेत धरलंच जात नाही, ते पूर्वतयारीत जमा, म्हणून ती दोन्ही गोष्टी एकाच वेळी प्रामाणिकपणे मानू शकते. तिला एकदा सविस्तर विचारा, तुझा रियाज कसा चालतो, कंटाळा येतो त्या दिवशी काय करतेस. माझ्या पत्रापेक्षा ते उत्तर तुम्हाला जास्त उपयोगी पडेल.

तिचं एक मात्र खरं. सुचणं हुकमी नसतं, आणि काम बाजूला ठेवल्यावर डोकं आपल्या परीनं त्यावर काम करत राहतं. पण सुचण्याचीसुद्धा वाट तयार करावी लागते. वॉर्म-अप न करता स्टार्टिंग लाइनवर उभं राहून आज पाय हलके का नाहीत असं तुम्ही कधी विचारलं नसतं. मूड पुष्कळदा लिहायला बसल्यावर पंधराव्या मिनिटाला येतो.

यातूनच तो प्रश्न निघतो, जो तुम्ही विचारला नाहीत पण तुमच्या पत्रात सगळीकडे आहे, आणि असं पत्र लिहिणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाच्या मनात असतो. आज मला खरंच विश्रांती हवी आहे, की मी टाळतेय? खेळाडूंना याची काही चिन्हं ठाऊक असतात. सराव अति झाला की सकाळी उठल्यावरची नाडी नेहमीपेक्षा जलद लागते, झोप नीट लागत नाही, चिडचिड होते, आणि नेहमीच्याच वेगाला जास्त जोर लावावा लागतो. लिहिणाऱ्याची चिन्हं मला अशी दिसतात : दुसऱ्याचं लेखन वाचायचीही इच्छा उरत नाही, स्वतःच्या पात्रांचा राग येतो, एकच वाक्य फिरून फिरून येतं, सुट्टीच्या दिवशीही काहीच सुचत नाही. हे सगळं असेल तर थांबा. आठवडाभर, गरज पडली तर जास्त. उलट वाचायला मजा येतेय, डोक्यात कल्पना फिरतायत, फक्त टेबलाशी जायचं जिवावर येतंय, तर ती भीती आहे, आणि तिच्यावर विश्रांतीचा उपाय चालत नाही. तिथे बसावं लागतं, थोडंच, पण बसावं लागतं. खात्री होत नसेल तर वॉर्म-अपची कसोटी लावा. सरावाच्या वहीत पंधरा मिनिटं लिहा आणि मग ठरवा. हात मोकळा झाला तर पुढे जा. अजून जड झाला तर वही मिटा, आणि त्या दिवशी स्वतःला काहीही बोलू नका.

थांबण्याला कमीपणा मानू नये यासाठी सिमोन बाइल्सची आठवण करून देते. २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये हवेत असताना आपलं शरीर नेमकं कुठे आहे याचं भान तिला राहीनासं झालं. जिम्नॅस्टिक्समध्ये हे जिवावर बेतू शकतं. तिनं सांघिक अंतिम फेरी अर्ध्यावर सोडली, वैयक्तिक प्रकारांतल्या बहुतेक अंतिम फेऱ्यांतून माघार घेतली आणि शेवटी बॅलन्स बीमवर उतरून कांस्यपदक मिळवलं. जगभरातून टीका झाली. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये तिनं तीन सुवर्णं आणि एक रौप्य मिळवलं. समजा ती परत आलीच नसती, तरी टोकियोतला तिचा निर्णय योग्यच ठरला असता, असं मला ठामपणे वाटतं.

विश्रांती हा सरावाचाच भाग आहे, हे तुमच्या स्नायूंना कधीच कळलेलं आहे. धावताना स्नायू झिजतात, ते बळकट होतात ते नंतरच्या आरामात. डोक्याच्या कामातही विश्रांतीचं महत्त्व दिसून आलंय. मानसशास्त्रज्ञ अँडर्स एरिक्सन आणि सहकाऱ्यांनी बर्लिनमधल्या संगीत अकादमीतल्या व्हायोलिनच्या विद्यार्थ्यांचा अभ्यास १९९३ साली प्रसिद्ध केला. पुढे त्यावरून दहा हजार तासांचा नियम, म्हणजे तेवढे तास सराव केला की माणूस निष्णात होतो हा समज, लोकप्रिय झाला, जो एरिक्सन यांना स्वतःलाही मान्य नव्हता. त्या अभ्यासातली एक गोष्ट मात्र फार कुणी सांगत नाही. सर्वांत चांगले विद्यार्थी एकट्यानं जास्त सराव करायचे हे खरं, पण ते झोपायचेही जास्त, आणि दुपारची डुलकी घ्यायचे.

हरण्याबद्दल थोडंसं. रॉजर फेडररनं २०२४ मध्ये एका विद्यापीठाच्या पदवीदान समारंभात स्वतःचा हिशोब सांगितला होता. एकेरीचे १५२६ सामने, त्यांतले जवळजवळ ८० टक्के जिंकलेले, पण गुण मात्र फक्त ५४ टक्के. म्हणजे जवळपास प्रत्येक दुसरा गुण हरत हरत तो फेडरर झाला. पॅरिसमध्ये नीरज चोप्राच्या सहा फेकींपैकी पाच फाऊल होत्या. एकच वैध ठरली, ८९.४५ मीटर, आणि तिनं रौप्यपदक दिलं. तुमच्या दोन कथा निवडल्या गेल्या नाहीत. दोन फेकी.

शिवाय त्या फेकी फाऊल होत्या असंही ठरलेलं नाही. भालाफेकीत टेप अंतर सांगते, कथास्पर्धेत परीक्षकांची आवड, इतर कथा, त्या वर्षीचा सूर असं बरंच काही मध्ये येतं. अंतिम शर्यतीत आठजणी धावतात आणि एकच पहिली येते. साहित्यात दुसरीची कथा सरस ठरली म्हणून तुमची कथा खोटी पडत नाही. वाचक दोन्ही वाचतो. आणि ८०० मीटरचा पाय पंचविशी-तिशीनंतर मंदावत जातो, कथा लिहिणाऱ्याचं तसं काही नसतं. तुम्ही चौतीस वर्षांच्या आहात. धावपटू म्हणून हे वय उताराचं होतं, लेखिका म्हणून तुमची ही सुरुवात आहे. जुन्या घाईचं ओझं इथे आणायची गरज नाही.

आता आठवड्याची मांडणी. ही तुमच्या नोकरीच्या वेळांकडे बघून तुम्हीच बदला, आणि हा मजकूर वाचणाऱ्या चित्रकारांनी, गीतकारांनी, नाटकवाल्यांनीही आपापल्या कामाप्रमाणे बदलावी. दोन दिवस जोराचे, त्या दिवशी नवी कथा, सगळ्यात अवघड प्रसंग, फोन दुसऱ्या खोलीत. दोन-तीन दिवस हलके, त्यात सरावाची वही, किंवा हातात पेन्सिल घेऊन एखादी आवडती कथा वाचणं आणि लेखकानं प्रसंग कुठे तोडला, कुणाच्या तोंडी काय घातलं याची नोंद करणं. एक दिवस जुनं लेखन दुरुस्त करायचा. एक दिवस पूर्ण सुट्टी, अपराधी न वाटता. तीन आठवडे असे गेले की चौथा निम्म्या भाराचा ठेवा. हे तुम्ही मैदानावर केलेलं असेलच. खाड्याला दुप्पट दंड आजपासून बंद, कारण दुखऱ्या पायावर दुप्पट धावायला लावणारा प्रशिक्षक तुम्ही कधीच सोडून दिला असता. आणि आकड्यांच्या तक्त्याऐवजी रोज एक ओळ लिहा : आज काय जमलं, काय अडलं. महिन्याभरानं त्या ओळी सलग वाचल्यात, की तुमचा कच्चा दुवा कुणी सांगायची गरज उरणार नाही.

कथा पूर्णच अडली, तर दुखापत झालेला खेळाडू करतो तसं करा. गुडघा दुखतोय म्हणून तो घरी बसत नाही, पाण्यात चालतो, खांद्यांचे व्यायाम करतो. कथा अडलीय तेव्हा पात्राच्या व्यवसायाची माहिती काढा, जुन्या कथा नीटनेटक्या करा, लोकांचं बोलणं ऐका.

अजून एक गोष्ट तुमच्या मैदानावर होती आणि लेखनाच्या टेबलाशी नाही. बाहेरचा डोळा. धावताना आपला हात कुठे जातो हे आपल्याला दिसत नाही, म्हणून प्रशिक्षक कडेला उभा असतो. तो निकाल देत नाही, आणि एका वेळी एकच गोष्ट सांगतो. असा एक वाचक शोधा. सगळ्यांना आवडेल का, हे त्याला विचारू नका, त्याचं उत्तर कुणाकडेच नसतं. विचारा, तुझं लक्ष कुठे उडालं, कुठे गोंधळ झाला, कोणतं माणूस डोळ्यांसमोर आलं नाही. स्तुती करणारे आणि पाडाव करणारे दोघेही या कामाला चालत नाहीत.

राहिली ती पुढच्या महिन्यातली स्पर्धा. पाठवायची तर आधी लिहून झालेली कथा पाठवा, तिच्यासाठी नवी कथा मुळीच सुरू करू नका. मोठ्या शर्यतीआधी साधारण दोन आठवडे सरावाचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आणतात, फक्त वेग सोडत नाहीत. तसंच करा. शेवटचे दोन आठवडे मोठ्यानं वाचणं, खोडणं, एखादा प्रसंग पुन्हा घट्ट करणं, एवढंच. मुदतीच्या दोन दिवस आधी पाठवून मोकळ्या व्हा आणि निकाल लागेपर्यंत दुसऱ्या कथेत असा. हाताशी असलेल्या कथांपैकी एकही तशी वाटली नाही, तर ही स्पर्धा सोडून द्या, त्यात हरण्यासारखं काही नाही. मग तोच महिना अडून बसलेल्या कथेला द्या. सुरुवातीची पानं बाजूला ठेवा, आणि तिच्यातला जो प्रसंग तुम्ही इतके दिवस पुढे ढकलत आलात, तो जोराच्या दिवशी आधी लिहून काढा. तो वाईट उतरला तरी चालेल, दुरुस्तीचा दिवस त्यासाठीच आहे.